काळा ड्रेस : सोलापूरकरांचे अनुभव

फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेल यांच्या साध्या काळ्या ड्रेसचे रेखाचित्र १९२६ साली अमेरिकेच्या 'व्होग' मासिकात छापले गेले, तेव्हा मासिकाने त्याची तुलना सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेल्या फोर्डच्या मोटारीशी केली होती. तोवर तेथे स्त्रियांचा काळा पोशाख बहुधा सुतकाशी जोडला जाई. आपल्याकडेही मंगलकार्यात काळे टाळतात, आणि तरीही संक्रांतीला चंद्रकळेचा मान असतो. असा काळा ड्रेस आपण कसा शिवला, कशासोबत घातला आणि इतकी वर्षे का जपला, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आम्ही सोलापूरकरांना केली; त्यांचे अनुभव असे.

शिवणकाम करणाऱ्या ताई, पूर्व भाग :
काळ्या कापडावर नक्षी नसल्यामुळे नजर थेट बेतण्यावर, म्हणजे कापड कसे कापले-शिवले यावर, जाते. खांदा उतरलेला असेल किंवा घेर एका बाजूला ओढला जात असेल, तर ते लगेच दिसते. चाटी गल्लीतून कापड आणताना ते दुकानातील दिव्याखाली न ठरवता बाहेर उजेडात नेऊन पाहावे, असे मी प्रत्येकीला सांगते, कारण एक काळा निळसर निघतो, दुसरा तांबूस, आणि ड्रेस व ओढणी वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्यास तो फरक उन्हात डोळ्यांत भरतो. क्रेप अंगावर छान पडतो, जॉर्जेटला अस्तराशिवाय गत्यंतर नाही, सुती कापड मात्र शिवण्याआधी पाण्यातून काढावेच. गळा साधा ठेवला, तर तोच ड्रेस पुढे अनेक वर्षे वेगवेगळ्या दागिन्यांवर घालता येतो. माझ्या मते गळ्याभोवती खडे आणि टिकल्या लावून घेणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय.

निवृत्त शिक्षिका :
संक्रांतीच्या दिवसांत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांसोबत (मिरवणुकीतील उंच मानाच्या काठ्या) पांढऱ्या बाराबंदीतील, म्हणजे बंद बांधायच्या अंगरख्यातील, माणसांची रीघ लागते आणि घरोघरी हळदीकुंकवाला काळ्या साड्या निघतात. पांढऱ्या-काळ्याची ही जोडी मला दरवर्षी नव्याने आवडते. काळा रंग ऊन शोषून ऊब देतो, म्हणून थंडीतल्या या सणाला तो सोयीचाही आहे. आमच्या सूनबाईंनी पहिल्या संक्रांतीला साडीऐवजी पायघोळ काळा ड्रेस घातला, त्यावर माझ्या जुन्या इरकलीच्या लाल पदराची ओढणी घेतली आणि हलव्याचे दागिने घातले. त्या ड्रेसवर पांढरा हलवा जितका उठून दिसला, तितका तो रंगीत साडीवर कधीच दिसला नसता.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी :
कॉलेजला काळ्या ड्रेसवर ऑक्सिडाइज्ड झुमके आणि कोल्हापुरी, रिसेप्शनला मोत्यांची एकच माळ. लग्नाच्या विधींना तो घालू नये, असे आत्याचे म्हणणे असते आणि मी ते पाळते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेल्यावर मात्र दुपारी तो नकोच. सैल, सुती आणि संध्याकाळी, एवढीच सवलत.

टॉवेलच्या व्यवसायातील गृहिणी :
आमच्या घरात टॉवेलांची कमतरता नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते: काळा ड्रेस टॉवेलांसोबत कधीही धुवू नये, कारण त्यांची लव काळ्यावर चिकटते आणि झटकूनही निघत नाही. तो उलटा करून, थंड पाण्यात, वेगळा धुवावा आणि सावलीत वाळत घालावा. सोलापूरच्या उन्हात सुती काळा लवकर विटतो. इस्त्रीही उलट्या बाजूनेच करावी, नाहीतर शिवणीवर चकाकी येते.