पहिल्या दोन्ही पाळ्यांना फॉरवर्डच? ड्राफ्ट चुकला काय?

टिळकवाडी_९
नमस्कार मंडळी. आपल्या बेळगावातल्या पावसाळी फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडणं, झाला. ८ संघ, मैदानात नऊ-नऊ जण, प्रत्येकाने १४ खेळाडू घ्यायचे. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला आणि दर फेरीला तो उलटा फिरतोय. आपल्या संघाला ८ नंबरची चिठ्ठी आली, म्हणजे पाळ्या ८-९, मग २४-२५, मग ४०-४१. मालकांनी ८ आणि ९ ला दोन्ही फॉरवर्ड उचलले. २४ ला विंगर (कडेने पळणारा), २५ ला मिडफिल्डर, ४० ला लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू). गोलकीपर थेट ४१ ला! यादीत गोलकीपर होते फक्त ९. तोवर ७ गेले होते, त्यातले दोन तर एकाच संघाने घेतले. आपल्या वाट्याला शालेय स्पर्धा खेळलेला १७ वर्षांचा पोरगा आला. सामने जुलैत, लेले मैदानावर. गोल मारणारे आहेत, कबूल. पण गोल अडवायचे कुणी?

कॅम्प_स्टॉपर
शंका बरोबर आहे. फॉरवर्ड घेतला ही चूक नव्हे, दोन्ही पाळ्या एकाच जागेवर घालवल्या ही चूक. शेवटची चिठ्ठी असली की जोडीने दोन खेळाडू मिळतात, पण पुढच्या जोडीपर्यंत मध्ये १४ नावं जातात. म्हणून ९ व्या पाळीला विचार असा करायचा: या १४ मध्ये कुठल्या जागेचे चांगले खेळाडू संपणार? जागेप्रमाणे यादी लिहायची आणि जिथे दर्जा एकदम घसरतो तिथे रेघ मारायची. रेघेच्या वर १२-१५ फॉरवर्ड असतील तर दुसरा फॉरवर्ड २४ ला पण मिळतो की. गोलकीपर रेघेच्या वर तीनच असतील तर ते २४ पर्यंत राहत नाहीत. एकाने कीपर उचलला की बाकीचे घाबरून लगेच उचलतात. त्यातून ८ संघांना ९ कीपर, म्हणजे एकाने दोन घेतले की बाकी सात जणांना उरले सातच.

पावसाचा हिशेब वेगळाच. कोरड्या चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हातशिलाईचा चेंडू टाक्यांतून पाणी पितो आणि जड होतो. ओल्या गवतावर तो अंदाजापेक्षा जोरात सरकत येतो आणि डबक्यात मात्र जागीच बसतो. गोलच्या तोंडाशी सगळ्यात जास्त चिखल, तिथेच कीपरचे पाय सरकतात. विंगरचा वेगसुद्धा त्याच चिखलात अर्धा होतो. २४ ला विंगरच्या ऐवजी डोक्याने चेंडू काढणारा, लांब किक मारणारा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, घ्यायला पाहिजे होता. हे मला कीपरपेक्षाही जास्त खटकलं.

निपाणी_११
कॅम्पवाले अण्णा, मागून, म्हणजे बचावापासून, संघ बांधला की जिंकतो असं काही नाही ओ. २०१७ चा आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) ड्राफ्ट आठवा. जमशेदपूर नवा संघ, पहिली निवड त्यांची. त्यांनी अनस एडथोडिका घेतला, म्हणजे सेंटर बॅक, मधला बचावपटू. गोलमध्ये सुब्रत पॉल. प्रशिक्षक स्टीव्ह कॉपेल. पहिले तिन्ही सामने ०-० सुटले. मोसमभर १८ सामन्यांत गोल १६, शेवटी पाचवा नंबर. उपांत्य फेरीत जायला चौथा लागत होता.

आपल्या लीगमध्ये प्रत्येकाला सातच सामने. बरोबरीला १ गुण, विजयाला ३. सातही बरोबरीत सोडवले तर गुण ७. तीन जिंकले, चार हरले तरी ९. छोट्या लीगमध्ये गोल मारणाऱ्याची किंमत जास्त हे मालकांनी ओळखलंय. विंगरबद्दल मात्र मी कॅम्पवाल्यांच्या बाजूने.

टिळकवाडी_९
९ आणि ७ चा हिशेब पटला. पण आता काय करता येईल? नावनोंदणी बंद व्हायला आठ दिवस आहेत आणि तोवर अदलाबदल चालते.

खानापूर_बॅक
दोन कीपरवाल्या संघाकडे जावा. त्यांचा दुसरा कीपर सातही सामने बाहेरच बसणार आहे, म्हणून सौदा होतोय. विंगर द्या आणि तो कीपर मागा. पहिल्याच बोलण्यात फॉरवर्डचं नाव काढू नका. त्यांनी पहिला कीपर देतो म्हटलं तरच दुसऱ्या फॉरवर्डवर बोलायचं. त्याआधी सगळ्या १४ जणांच्या तारखा विचारून घ्या. व्हीटीयूच्या (इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाच्या) परीक्षेत कोण अडकतोय, लष्करातला कोण असेल तर त्याची ड्युटी कधी. सातपैकी तीन सामने नसणारा चांगला कीपर सौद्यात घेऊन उपयोग नाही.

सौदा नाहीच झाला तर पोराला तयार करा. गोलकिक स्टॉपरने मारायची, पोराने नाही. जमिनीवरून येणाऱ्या चेंडूला एक गुडघा आडवा टाकून अंग चेंडूच्या मागे, नुसते हात पुढे करायचे नाहीत. पकडता येईल असं वाटत नसेल तर चेंडू बाजूला ढकलायचा, समोर सोडायचा नाही. पावसात बरेच गोल त्या सुटलेल्या चेंडूवर होतात. ग्लोव्हजचा लॅटेक्स तळवा सामन्याआधी ओला करा, कोरडा ठेवला की चेंडू निसटतोय आणि चिखलाने माखला की आणखीच. गोलच्या मागे पाण्याची बाटली, टॉवेल आणि हाफटाइमसाठी दुसरी जोडी ठेवा. बुटाला लांब स्टड. आणि ४० ला घेतलेल्या लेफ्ट बॅकला सांगा, पहिले दोन सामने हाफ ओलांडून वर जायचं नाही.