घरी एकट्याने घोस्टला हरवलं म्हणजे लेव्हल कळली का?

पांढरा_पडला:
कालच्या त्या पोस्टवर तिथेच दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, पण राहवेना. गृहस्थ म्हणतात, 'मी घरी एकटाच पूल खेळतो, नाइन-बॉलमध्ये (एक ते नऊ बॉल क्रमाने) घोस्टला बऱ्याचदा हरवतो, म्हणजे आता मी ॲडव्हान्स्ड, दुसऱ्याशी खेळायची गरजच काय.' अहो, घोस्ट म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्धी, आपण चुकलो की रॅक, म्हणजे तो डाव, त्याचा. पण त्यात ब्रेकनंतर पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, उचलून हवा तिथे ठेवता तुम्ही! खऱ्या मॅचमध्ये तो आठच्या मागे जाऊन बसला की कोण देतं हातात? आणि घोस्ट कधी सेफ्टी खेळतो का, म्हणजे मुद्दाम आपल्याला अडचणीत ठेवतो का? समोरच्याने खुर्चीत ताटकळत ठेवलं आणि मग कुशनला चिकटलेला, अर्धाच दिसणारा एक नंबर ठेवून गेला की कळतं हात किती थरथरतो. आमच्यात एक जण होता, एकटा असला की रॅकमागून रॅक साफ. लीगच्या पहिल्याच मॅचला अगदी सरळ असलेला आठ हुकवला, नंतर महिनाभर फिरकला नाही. फार्गो रेटिंग, म्हणजे पूल खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, उगाच माणसांशी खेळलेल्या गेम्सवरून काढत नाहीत.

स्टनशॉट:
घोस्ट सेफ्टी खेळत नाही, मान्य. पण घोस्ट चुकतही नाही ना! एक मिस आणि रॅक गेला. तुमच्या लीगमध्ये तीन चुका करून लोक जिंकतात, कारण समोरचा चार करतो, आणि मग पार्टीत छाती फुगवून सांगतात. मी का हरतो हे मला मॅचमध्ये कधीच कळलं नाही. एकटा सरळ स्टॉप शॉट मारत बसलो तेव्हा दिसलं, पांढरा जागच्या जागी थांबतो खरा पण हळूच गोल फिरत राहतो, म्हणजे क्यू मध्यावर लागतच नव्हता. हे मॅचमध्ये कोण बघतं?

खडूमास्तर:
दोघंही मुद्दा सोडून. टेबल कुठलं? सात फुटी, पॉकेट बादलीएवढी? मग घोस्टला कोणीही हरवेल. नऊ फुटी घ्या, कॉर्नर साडेचार इंची, म्हणजे सव्वादोनचे दोन बॉल शेजारी जेमतेम बसतात, आणि मग लेव्हल सांगा.

पांढरा_पडला:
आले पॉकेटवाले. प्रत्येक धाग्यावर हेच.

खडूमास्तर:
येणारच. जुना चॅम्पियन मॉस्कोनी, त्याचे १९५४चे न चुकता सलग ५२६ बॉल सगळे देवासारखे सांगतात, ते आठ फुटी टेबलवर होते हे कोणी बोलत नाही.

बँकशॉट_ताई:
मॉस्कोनीवर घसरू नका हं. समोर माणूस होता, बघायला लोक होते, दोनशेची मॅच संपली तरी बाबा मारतच राहिला. श्मिटचे २०१९चे ६२६ आणि जेसन शॉचे २०२२चे ७१४ बघा, तिथे प्रतिस्पर्धीच नाही, एक जमलं नाही तर पुन्हा रॅक लावा आणि सुरू. तेही एकट्याचेच की! मग त्यांची पण लेव्हल खोटी का?

खडूमास्तर:
ताई, शॉचं टेबल नऊ फुटी होतं, एवढंच म्हणणं आहे माझं.

बँकशॉट_ताई:
तुमचं म्हणणं नेहमी 'एवढंच' असतं. स्वतः सलग किती मारता ते सांगा आधी.

खडूमास्तर:
वैयक्तिक होऊ नका.

स्टनशॉट:
आकडा आला की वैयक्तिक 😄

पांढरा_पडला:
बरं बाबा, घोस्ट चुकत नाही हा मुद्दा चांगला आहे, घ्या, पेढे वाटा. पण श्मिट-शॉ माणसांशी आयुष्यभर खेळून मग एकटे उभे राहिले. आपले गृहस्थ उलटे निघालेत. रेटिंगमध्ये शंभरचा फरक असला की समोरचा तीनातले दोन गेम नेतो, तो मार खाल्ल्याशिवाय आपण कुठे आहोत हे कळणार नाही.

स्टनशॉट:
आणि मार खाऊन घरी येऊन तोच शॉट शंभरदा लावायचा कोणी? लीगने?

खडूमास्तर:
शंभरदा लावा, पण कापड नवीन असेल तर मोजू नका. नव्या कापडावर पांढरा घसरत लांब जातो, जुन्यावर तीच पोझिशन दीड वीत अलीकडे थांबते, आणि लोक म्हणतात माझा स्ट्रोक बिघडला.

बँकशॉट_ताई:
आता कापड. मी चालले.