मदत हवी आहे: वृद्धाश्रमात जाणाऱ्या मुलांसाठी

फोंड्याजवळच्या वृद्धाश्रमात एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं दर शनिवारी चहानंतर जातात. एका आजी-आजोबांजवळ दोघंच. घोळका झाला की ऐकू कमी येणाऱ्यांना शब्द कळत नाहीत. ओरडून उपयोग नाही. वयानुसार आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, म्हणून समोर बसून खालच्या पट्टीत बोलायचं. खाऊ नर्सला विचारूनच: मधुमेह असतो, शिवाय गिळायला त्रास असेल तर कोरड्या चिवड्यानं ठसका लागतो.

अडचण परीक्षेची. महिनाभर खंड पडला की स्मृतिभ्रंश असलेले आजोबा मुलांना ओळखत नाहीत (बाकीचे रुसतात, ते वेगळंच!). तेवढ्या काळात फोन, पत्र की बदली जोडी, काय जमतं? आणि मोठ्या अंकांची हाऊजीची तिकिटं पणजी-म्हापशात कुठे मिळतील?