व्हेनिसचा जुना आरसा: चिनी चित्रं रंगवलेली की चिकटवलेली?

पादोव्हाकरीण
नमस्कार मंडळी. पिआझ्झोला सुल ब्रेंताला महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथून एक आरसा घेतलाय. लाकडी चौकट, हिरवट रंग, त्यावर चिनी माणसं. एक छत्रीवाला, एक पुलावरून गळ टाकून बसलेला, आणि शेजारचा पक्षी त्या दोघांहून मोठा! विकणारा म्हणाला, अठराव्या शतकातला, व्हेनिसचा. पण छत्रीवाला डावीकडे आहे तसाच्या तसा उजवीकडेही आहे, आणि बोट फिरवलं की त्याची कड हाताला लागते. फसले का मी? काच डागाळली आहे, चेहरा करडा दिसतो. सासूबाई म्हणतात काच बदलून टाक. पुढे पुण्याला न्यायचाय. पुसू कशाने?

चहाबाज
थिनर नाहीतर स्पिरिटचा बोळा फिरवा, काच नवी बसवा. चकाचक!

रंधा
चहाबाज, तुमच्या घरात जुनं काही असेल तर देवच त्याला वाचवो.

ताई, स्पिरिटला हात लावू नका. माझं आयुष्य पॉलिशच्या कामात गेलं. चपडा लाख आपण स्पिरिटमध्येच विरघळवतो ना? व्हेनिसच्या कारागिरांचा वार्निशही तसलाच, सँडरॅक नावाचा उत्तर आफ्रिकेतल्या झाडाचा डिंक. चीन-जपानची खरी लाख म्हणजे एका झाडाचा चीक. ते झाड युरोपात नव्हतं, म्हणून यांनी लाकडावर खडू-सरसाचं अस्तर, त्यावर रंग आणि वरून वार्निशचे थरावर थर अशी नक्कल केली. बोळा फिरवलात तर आधी वार्निश जाईल, मागोमाग छत्रीवाला.

छत्रीवाले दोन म्हणून फसलात असं नाही. त्या काळी स्वस्तातलं काम असंच व्हायचं: छापील चित्रं कापायची, रंगवायची, चिकटवायची, वर वार्निश. त्याला तिकडे 'लाक्का पोवेरा' म्हणतात, गरिबाची लाख. अशा कापायच्या चित्रांचे कागद बास्सानोचे रेमोंदिनी नावाचे छापखानेवाले छापत, तुमच्या जवळच आहे ते गाव. अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून भिंगातून बघा. कागदाची कड सावली टाकेल, रंगाखाली छापाच्या बारीक रेघा दिसतील. अस्तराचा उठाव असेल तर कड गोलसर लागते. हिरव्यावरही लगेच विश्वास ठेवू नका, जुना वार्निश पिवळा पडला की निळ्याचं हिरवं दिसतं. महागडं हातरंगी काम बघायचं तर व्हेनिसला का' रेझ्झोनिको या महालातल्या संग्रहालयात हिरव्या लाखकामाचं एक अख्खं दालन आहे.

आता काच. मागे चकाकता करडा पत्रा दिसतो की रंग फासलेला? पत्रा असेल तर तो कथलाचा, पाऱ्याने चिकटवलेला. काचेवर चांदीचा मुलामा लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ साली काढला, तो रुळेपर्यंत पाराच चालायचा.

पादोव्हाकरीण
टॉर्च लावला. रेघा आहेत! छत्रीच्या काड्यांवर तर स्पष्ट. मागे करडा पत्राच आहे, आणि खालच्या कडेला बारीक चकचकीत थेंब.

रंधा
थेंब पाऱ्याचे. मागची बाजू खरवडायची नाही, उघड्या हाताने पुसायची नाही, झाडू तर नाहीच, व्हॅक्युमही नाही. आरसा उभाच ठेवा, खोली हवेशीर ठेवा, पोरांना लांब. ते थेंब काढायचं काम आरशांच्या जाणकाराला द्या. काच मात्र बदलू नका. करडा चेहरा हाच तिच्या जुनेपणाचा पुरावा आहे, सासूबाईंना सांगा. चौकटीवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने, पोपडे सुटलेत तिथे तेही नको.

पण एक सांगतो, जुनी काच आणि जुने कागद असले तरी चौकट मागाहून जुळवलेली असू शकते. मागचे खिळे बघा. गोल तारेचे असतील तर ते नंतरच्या काळातले, विचारा विकणाऱ्याला.

मिलानवासी
पुण्याचं म्हणाल तर आधी कागदपत्रं. इटलीतून ७० वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेताना निर्यात कार्यालयाशी गाठ आहे. किंमत १३,५०० युरोंच्या आत असली तर सहसा स्वतःची घोषणा दाखल करून भागतं, वर गेली तर परवानगी लागते. विकणाऱ्याकडून पावती लेखी घ्या, वय आणि किंमत दोन्ही लिहून. पारा असलेली वस्तू विमानाने जात नाही असं धरूनच चला, वाहतूकवाल्याला आधीच सांगा.

रंधा
आणि पावसाळ्यात पोचवू नका. लाकूड फुगतं, अस्तर फुगत नाही, मग पापुद्रे उडतात. डिसेंबरात मागवा, बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.