रक्तगट सेम, तरी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. असं कसं?

कऱ्हाडचा_पाव्हणा:
नमस्कार मंडळी, मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मिसेसचं वय ३८, दीड वर्ष झालं डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. किडनी मी देणार होतो. दोघांचा गट ओ पॉझिटिव्ह, माझी शुगर, बीपी, सीटी सगळं क्लिअर, मनातल्या मनात तारीख पण धरून झाली होती आणि परवा क्रॉसमॅच (माझ्या पेशी आणि तिचं रक्त एकत्र करून बघतात ती टेस्ट) पॉझिटिव्ह आली. मला वाटलं पॉझिटिव्ह म्हणजे जुळलं! पेढेच आणायचे बाकी होते. डॉक्टर म्हणाले उलटं आहे, तिच्या रक्तात तुमच्याविरुद्ध अँटीबॉडी आहेत, डीएसए (म्हणजे नेमक्या दात्याविरुद्धच्या अँटीबॉडीचं माप) पण जास्त आलंय. का म्हणून विचारलं तर म्हणे दोन बाळंतपणं झालीत ना. तेवढ्यात पुढचा पेशंट आत. आता बाळंतपणाचा आणि किडनीचा काय संबंध? आमच्या आईचं एकच, गट जुळलाय ना, मग हे सगळे पैसे काढायचे धंदे. सासूबाईंना शुगर आहे म्हणून त्या बाद, सासरे नाहीत. मेव्हणा तयार आहे, गट ओच. त्याचंही असंच आलं तर?

लॅबमधला_माणूस:
दादा, मी एचएलए लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. रक्तगट ही फक्त पहिली पायरी. त्यापलीकडे जवळपास प्रत्येक पेशीवर एचएलए नावाच्या खुणा असतात, अर्ध्या आईकडून अर्ध्या बापाकडून आलेल्या. तुमच्या मुलांत अर्ध्या तुमच्या आहेत. बाळ पोटात असताना आणि मुख्य म्हणजे बाळंतपणात त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात जातात, तिच्या शरीराला त्या खुणा परक्या वाटतात आणि काही बायकांमध्ये त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. बाळाचं सहसा काही बिघडत नाही, पण शरीर वर्षानुवर्षं ते लक्षात ठेवतं. म्हणजे तुमची किडनी तिच्या शरीराला नवीन नाहीच, ओळखीची आहे, आणि ओळख वाईट आहे. डायलिसिसमध्ये रक्ताच्या बाटल्या चढवल्या असतील तर त्यानंही अँटीबॉडी वाढतात. यापुढे रक्त द्यायची वेळ आलीच तर पांढऱ्या पेशी गाळलेलं मिळेल का विचारा.

आईंना सांगा, धंदा नाही हो. आम्ही तुमच्या पांढऱ्या पेशी आणि तिचं सीरम (रक्त गोठल्यावर उरतं ते पाणी, अँटीबॉडी त्यातच असतात) छोट्या छोट्या खळग्यांच्या ट्रेमध्ये एकत्र करतो, वरून सशाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट (अँटीबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी प्रथिनं) टाकतो, रंग टाकतो आणि मायक्रोस्कोपखाली बघतो. जिवंत पेशी बारीक आणि चमकदार दिसतात, मेलेल्या फुगून काळपट होतात. पॉझिटिव्ह म्हणजे ट्रेभर काळपट. जे ट्रेमध्ये झालं तेच किडनीत होतं, कधी कधी ऑपरेशनच्या टेबलावरच. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी जुन्या केसेस तपासल्या, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना केलेल्या ३० पैकी २४ किडन्या लगेच गेल्या होत्या. तेव्हापासून ही टेस्ट कुणी सोडत नाही.

नंदिनी_ठाणे:
आमच्या वहिनीचं डिट्टो हेच, दादाची किडनी चालली नाही. शेवटी स्वॅप केलं. दुसरं एक जोडपं होतं, त्यांचंही आपसात जुळत नव्हतं, त्यांच्या दात्याची वहिनीला बसली आणि दादाची त्यांच्या पेशंटला. चौघांना एकाच सकाळी आत घेतलं, म्हणजे ऐनवेळी कुणी मागे हटायला नको. २०११ च्या दुरुस्तीपासून हे कायदेशीर आहे, दोन्ही दाते जवळचे नातेवाईक हवेत आणि कमिटीची परवानगी लागते. कागदपत्रांनी जीव जातो, लग्नाचे फोटो आत्तापासून शोधून ठेवा. आणि तुम्ही ओ आहात हे स्वॅपमध्ये सोनं आहे. ओवाला दाता कुठल्याही गटाला चालतो म्हणून तो सहसा आपल्याच माणसाला देऊन मोकळा होतो, यादीत येतच नाही.

सह्याद्री_७७:
माझ्या मित्राचा तर गटच वेगळा होता तरी झालं ट्रान्सप्लांट. तुमचं का अडवतायत कळत नाही. तोवर रक्तशुद्धीचा काढा चालू करा, आमच्याकडे एक वैद्य आहेत.

लॅबमधला_माणूस:
काढा अजिबात नको, डायलिसिसच्या पेशंटला पोटॅशियम चढलं तर हार्टवर येतं. गट वेगळा असताना प्लाझ्मा बदलून अँटीबॉडी खाली आणतात आणि बऱ्याचदा निभतं. एचएलएच्या अँटीबॉडीलाही प्लाझ्माफेरेसिस (तेच प्लाझ्मा बदलणं), आयव्हीआयजी आणि रिटुक्सिमॅब (अँटीबॉडी दाबणारी इंजेक्शनं) करतात, पण त्या परत डोकं वर काढतात आणि खर्च भयंकर. आधी मेव्हणा बघा. भावंडांत साधारण चारात एकदा पूर्ण जुळतं, दोनदा अर्धं, एकदा काहीच नाही. अँटीबॉडी आहेत त्या परक्या खुणांविरुद्ध, स्वतःत असलेल्या खुणांविरुद्ध नाही, म्हणून पूर्ण जुळलेला भाऊ मिळाला तर लॉटरीच. अर्धाच जुळला तरी घाबरू नका, बाकीच्या अर्ध्याविरुद्ध तिच्यात अँटीबॉडी नाहीत ना एवढंच बघायचं. हल्लीच्या औषधांवर काहीच न जुळलेल्या नवराबायकोच्या किडन्या पण छान चालतात. अडतं ते अँटीबॉडीवर. आणि पुण्याच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणारी संस्था) यादीत नाव घालायचं डॉक्टरांना विचारून ठेवा.

कऱ्हाडचा_पाव्हणा:
खूप आभार सगळ्यांचे. मिसेसला वाचून दाखवलं. दोन बाटल्या रक्त चढवलं होतं तिला गेल्या वर्षी, कुणी काही बोललं नव्हतं. आधी गप्प बसली, मग म्हणाली धाकट्याचं नाक तुमचं, हट्ट तुमचा, आता हे पण तुमचंच निघालं. आईला ट्रे आणि सशाचं सांगितलं, ती सशावरच अडकलीय. मेव्हणा मंगळवारी येतोय सॅम्पल द्यायला. मंगळवारी हिचं डायलिसिस पण असतं, तर हिचं रक्त आधी द्यायचं का नंतर?

लॅबमधला_माणूस:
आधी. डायलिसिसमध्ये हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देतात, नंतर घेतलं की सीरम नीट निघत नाही. आणि मेव्हण्याच्या हिरव्या झाकणाच्या ट्यूब फ्रिजमध्ये ठेवू देऊ नका, पेशी मरतात, मग परत बोलवावं लागतं.