पॉल ओ'कॉनेल : आयरिश व्यावसायिक रग्बीपटूची कारकीर्द कशी घडते?

मैदानप्रेमी

नमस्कार. गेली तीन वर्षे मी सिक्स नेशन्स ही सहा युरोपीय देशांची रग्बी स्पर्धा नियमितपणे पाहत आहे. आयर्लंडच्या फॉरवर्ड (पुढच्या फळीतल्या) खेळाडूंचे प्रशिक्षक पॉल ओ'कॉनेल यांचे नाव समालोचक ज्या आदराने घेतात, त्यामुळे त्यांच्या खेळाविषयी कुतूहल वाटू लागले. आकडे शोधल्यावर सहज मिळाले. आयर्लंडकडून १०८ कसोटी (म्हणजे आंतरराष्ट्रीय) सामने, ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या चार देशांच्या निवडक खेळाडूंच्या संघाचे तीन दौरे आणि त्यांपैकी २००९च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्याचे कर्णधारपद, मन्स्टर या आयरिश प्रांताकडून दोन वेळा हायनेकेन कप ही युरोपीय क्लबांची सर्वोच्च स्पर्धा. मात्र ते गोलवर किक मारणारे खेळाडू नव्हते आणि त्यांच्या नावावर फारसे ट्रायही (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून केलेले गुण) नाहीत. मग त्यांचे मोठेपण नेमके कशात होते? दुसरे असे की, फ्रेंच क्लब भरपूर पैसा देत असताना असा खेळाडू सारी कारकीर्द एकाच प्रांताकडून कशी काय खेळतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शॅननकाठ

नोकरीच्या निमित्ताने मी सहा वर्षे ओ'कॉनेल यांच्या लिमरिक शहरात राहिलो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी त्या शहरापासूनच सुरू करतो. डब्लिनमध्ये रग्बी हा बऱ्याच अंशी भरमसाट शुल्क घेणाऱ्या शाळांमधून वाढलेला खेळ आहे. लिमरिकमध्ये तसे नाही. तिथे गोदीतले कामगार, दुकानदार आणि डॉक्टर एकाच क्लबकडून खेळत आले आहेत, आणि ओ'कॉनेल यांचा यंग मन्स्टर हा क्लब तर कष्टकरी वस्तीतला म्हणूनच ओळखला जातो. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९७९चा. लहानपणी ते स्पर्धांमध्ये उतरणारे जलतरणपटू होते. पहाटे उठून तलावात तासन्‌तास एकट्याने अंतर कापण्याची सवय त्यांना तिथे लागली, आणि रग्बीकडे ते बरेच उशिरा, आर्डस्कॉल रीश शाळेत असताना वळले. त्यांच्या पुढच्या खेळातली चिवट मेहनत मला त्या तलावातून आलेली वाटते. हे अर्थात माझे मत आहे.

आयर्लंडकडून त्यांचा पहिला सामना ३ फेब्रुवारी २००२ रोजी लॅन्सडाउन रोडवर वेल्सविरुद्ध झाला. त्यांनी ट्राय केला, संघ ५४-१० असा जिंकला, पण डोक्याला मार बसल्यामुळे त्यांना पूर्वार्धातच बाहेर यावे लागले आणि तो ट्राय त्यांना पुढे कधी आठवलाच नाही. पदार्पणातला ट्राय आणि त्याची आठवणच नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

त्या काळी मन्स्टर हा अंतिम फेरीत हरणारा संघ होता. २०००मध्ये नॉर्थॅम्प्टनकडून ९-८ आणि २००२मध्ये लेस्टरकडून १५-९ असे दोन पराभव लोकांच्या जिव्हारी लागले होते. म्हणूनच २० मे २००६ रोजी कार्डिफमध्ये बियारित्झला २३-१९ असे हरवून कप मिळाला, तेव्हा त्याचे मोल फार मोठे होते. सामना चालू असतानाच लिमरिकच्या ओ'कॉनेल स्ट्रीटवर जमलेली अफाट गर्दी मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दाखवली गेली होती. (रस्त्याचे नाव डॅनियल ओ'कॉनेल या एकोणिसाव्या शतकातील नेत्याचे आहे, आपल्या खेळाडूचे नव्हे.) दोन वर्षांनी तुलूझला १६-१३ असे नमवून दुसरा कप जिंकला, तेव्हा कर्णधार पॉल ओ'कॉनेल होते.

लिमरिकमधल्या थॉमंड पार्क या मन्स्टरच्या मैदानाचा एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. किक घेण्यासाठी खेळाडू चेंडूमागे उभा राहिला की पंचवीस हजारांहून अधिक माणसांचे ते मैदान गप्प होते, आणि खेळाडू विरुद्ध संघाचा असला तरी हा नियम मोडला जात नाही. मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला बोलता बोलता हाताने थांबवले. किक झाली, चेंडू खांबाबाहेर गेला, आणि मगच त्यांनी माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले. अशा प्रेक्षकांसमोर वाढलेला खेळाडू सहजासहजी दुसरीकडे जात नाही, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

पाचवा_क्रमांक

मी हौशी पातळीवर काही वर्षे लॉक (ओ'कॉनेल यांचीच जागा, फॉरवर्ड फळीतला उंच खेळाडू) म्हणून खेळलो आहे, म्हणून पहिल्या प्रश्नावर लिहितो. लॉकचे काम धावफलकावर दिसत नाही. चेंडू रेषेबाहेर गेला की लाइनआउट होते. दोन्ही संघांचे फॉरवर्ड समोरासमोर रांगेत उभे राहतात, मधे जेमतेम एक मीटरचे अंतर असते आणि हूकरला त्या फटीतूनच चेंडू सरळ फेकावा लागतो. चेंडू पुढे, मधे की मागे फेकायचा, हे सांकेतिक शब्दांत ठरवणारा खेळाडू बहुधा लॉक असतो. समोरचा संघ कुठे दाटीने उभा आहे, कोणाच्या मांड्या उचलण्यासाठी कोणाचे हात तयार आहेत, हे सारे त्याला काही सेकंदांत वाचायचे असते. चुकीची हाक दिली की स्वतःचा चेंडू हातचा जातो.

ओ'कॉनेल या विद्येत निष्णात होते. आपल्या संघाचा चेंडू ते राखतच, पण प्रतिस्पर्ध्यांच्या लाइनआउटचा इतका बारकाईने अभ्यास करीत, की समोरच्या हूकरचा हात वर जाण्याआधीच ते योग्य जागी उडी घेण्याच्या तयारीत असत. १.९८ मीटर उंचीचा उपयोग होतोच, परंतु उंच लॉक सगळ्याच संघांकडे असतात. फरक पडतो तो या वाचनाने.

त्यांचे मोठेपण समजून घ्यायचे असेल, तर दोन सामने जरूर पाहावेत, आणि योगायोग असा की दोन्ही २१ मार्चचेच आहेत. पहिला २००९चा. कार्डिफमध्ये वेल्सला १७-१५ असे हरवून आयर्लंडने १९४८नंतरचा पहिला ग्रँड स्लॅम (स्पर्धेतले सर्व सामने जिंकण्याचा मान) मिळवला. लोकांना रोनन ओ'गाराचा ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टेकताच खांबांमधून मारलेली किक) आठवतो, पण त्याआधी फॉरवर्ड खेळाडूंनी इंच इंच पुढे सरकत चेंडू खांबांसमोर आणून दिला होता. दुसरा २०१५चा. मरेफील्डवर स्कॉटलंडविरुद्ध सुरुवातीलाच स्वतः कर्णधार ओ'कॉनेल यांनी ट्राय केला आणि संघ ४०-१० असा जिंकला. त्यानंतर खेळाडूंना इंग्लंड-फ्रान्स सामना संपेपर्यंत वाट पाहावी लागली. सिक्स नेशन्सच्या विजेतेपदासाठी इंग्लंडला २६ गुणांनी जिंकायचे होते, ते ५५-३५ असे २० गुणांनी जिंकले आणि करंडक आयर्लंडकडेच राहिला.

करारनामा

उरलेले अर्धे उत्तर व्यवस्थेत आहे. रग्बी युनियन हा खेळ ऑगस्ट १९९५मध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झाला. सुरुवातीच्या वर्षांत कीथ वुड यांच्यासारखे अनेक उत्तम आयरिश खेळाडू इंग्लिश क्लबांकडे गेले. त्यानंतर आयरिश रग्बी फुटबॉल युनियनने मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट या चार प्रांतांनाच व्यावसायिक संघांचे रूप दिले आणि निवडक आघाडीच्या खेळाडूंशी थेट स्वतः करार केले. पगार देणारी आणि राष्ट्रीय संघ निवडणारी संस्था एकच असल्यामुळे खेळाडूने वर्षभरात किती सामने खेळावेत आणि कधी विश्रांती घ्यावी, हे तिला ठरवता येते. फ्रान्समध्ये क्लबचा मालक पगार देतो आणि साहजिकच प्रत्येक आठवड्याला खेळाडू मैदानात पाहू इच्छितो. सतत धडका झेलणाऱ्या लॉकसाठी हा फरक कारकीर्दीची वर्षे वाढवणारा ठरतो.

शिवाय परदेशी गेलेल्या खेळाडूची राष्ट्रीय संघात निवड होणे अवघड असते. हा लेखी नियम नाही. जॉनी सेक्स्टन २०१३ ते २०१५ या काळात पॅरिसच्या रेसिंग संघात असतानाही आयर्लंडकडून खेळत होते. मात्र सायमन झेबो यांनी २०१७मध्ये मन्स्टर सोडण्याचे जाहीर केल्यावर त्यांना संघाबाहेर राहावे लागले. मला ही विषमता पटत नाही, पण खेळाडूंना तिच्यातून जो संदेश जायचा तो गेलाच.

करसवलतीचाही वाटा आहे. २००२पासून आयरिश कायद्यानुसार निवृत्त होणारा व्यावसायिक खेळाडू कमाल दहा वर्षांच्या खेळातील थेट कमाईवर ४० टक्के वजावट मागू शकतो. ही सवलत निवृत्तीच्या वेळी मिळते, आणि छोट्या कारकीर्दीनंतर हातात येणारी ती रक्कम मोठा आधार असते.

मैदानप्रेमी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. लाइनआउटविषयी वाचल्यावर आपण आजवर सामन्यातला निम्मा भाग न पाहताच सोडून दिला, असे वाटले. एक शंका उरते. २०१५मध्ये ते तूलों या फ्रेंच क्लबकडे जाणार होते, असे वाचले. मग तिथले सामने कुठेच का सापडत नाहीत?

शॅननकाठ

कारण ते तिथे एकही सामना खेळू शकले नाहीत. विश्वचषकानंतर आंतरराष्ट्रीय रग्बी सोडून दोन वर्षे तूलोंकडून खेळायचे, असे ठरले होते. शरीराने आधीच बरेच सोसले होते. २०१०मधला बहुतेक काळ जांघेतील संसर्गात गेला होता, आणि २०१३च्या लायन्स दौऱ्यात पहिल्या कसोटीत हात मोडल्यावर उरलेला दौरा हुकला होता. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी कार्डिफमध्ये फ्रान्सविरुद्ध मध्यंतराला अगदी थोडा वेळ उरला असताना चेंडूवर वाकलेले असतानाच त्यांच्या मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटला. त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. आयर्लंडने तो सामना २४-९ असा जिंकला, पण आठवड्याने उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाने ४३-२० असे हरवले. फेब्रुवारी २०१६मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

पुढे स्ताद फ्रांसे या फ्रेंच संघात त्यांनी प्रशिक्षणाचा अनुभव घेतला आणि २०२१मध्ये ते आयर्लंडच्या फॉरवर्ड खेळाडूंचे प्रशिक्षक झाले. २०२५च्या उन्हाळ्यात आयर्लंडचे मुख्य प्रशिक्षक अँडी फॅरेल लायन्सबरोबर असताना जॉर्जिया आणि पोर्तुगालच्या दौऱ्यावर तेच हंगामी मुख्य प्रशिक्षक होते. फ्रान्सविरुद्धचा तो पूर्वार्ध मिळाल्यास अवश्य पाहा, आणि चेंडूऐवजी ५ क्रमांकाच्या जर्सीवर नजर ठेवा.