घरातल्या ज्येष्ठांचे कोरडे डोळे : तुमचे अनुभव सांगा

दादरहून, धागा सुरू करताना :
आई ७४ वर्षांची. दोन वर्षं तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी. भाजी निवडतानाही एक हात पदराला. आम्ही म्हणायचो, वयाचं आहे. शेवटी डॉक्टरांनी डोळ्यात केशरी रंगाची पट्टी टेकवली, निळ्या उजेडात पाहत सेकंद मोजले आणि म्हणाले, "डोळे कोरडे आहेत." आई म्हणाली, "अहो, धारा लागल्यात आणि कोरडे कसे?"

त्यांनी समजावलं ते मला फार पटलं. अश्रूंवर तेलाचा पातळ थर असतो. तो पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतो. त्या ग्रंथी तुंबल्या की पाणी उडून जातं, डोळा चुरचुरतो आणि त्यापायी आणखी पाणी सुटतं. पापणी न लवता हा थर साधारण १० सेकंद तरी टिकायला हवा. आईचा चौथ्या सेकंदाला फुटत होता.

आता रोज सकाळी शेक. रुमाल गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर, निवला की पुन्हा, असं १० मिनिटं. मग वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, हलक्या बोटाने. सहा आठवडे फरक नव्हता. आई कंटाळली, मी तिच्याशेजारी बसून माझेही डोळे शेकू लागले. आता पदर सुटलाय. तुमच्याकडे काय झालं, सविस्तर लिहा.

गिरगाव, वय ६९ :
माझी चूक सांगतो, कुणी करू नये म्हणून. डोळे लाल झाले की केमिस्टकडून एक ड्रॉप आणायचो. दोन दिवसांत आराम. असं आठ महिने चाललं. त्यात स्टिरॉइड होतं, हे डोळ्याचा दाब वाढल्यावर कळलं. दाब वाढताना काहीच दुखत नाही हो. आता काचबिंदूची तपासणी नियमित करावी लागते. चिठ्ठीशिवाय ड्रॉप आणू नका, कळकळीने सांगतो.

मुलुंड :
बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचायला लागलं. "बिघडवलं माझं" म्हणून ते जेवेनात. ऑपरेशनच्या छेदाने बुबुळावरच्या बारीक नसा दुखावतात, कोरडेपणा काही महिने वाढू शकतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. तीन महिन्यांत निवळलं.

गोरेगाव :
सासूबाईंना पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी गिळता येईना. दातही पटापट किडले. डोळ्यांचं आणि तोंडाचं आम्ही वेगवेगळं धरून चाललो होतो. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवली, जेमतेम ३ मिलिमीटर ओली. नेत्रतज्ज्ञांनी संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निघाला शोग्रेन. यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. तोंड आणि डोळे दोन्ही कोरडे असतील तर ताई-दादांनो, दोन्ही एकाच डॉक्टरांना सांगा.

बोरिवली, वय ६६ :
आमच्या गल्लीत तीन इमारतींचं रीडेव्हलपमेंट चालू आहे. धुळीला चष्म्याचा आडोसा आणि एसी लोकलमध्ये वाऱ्याच्या झोताखालून बाजूला उभी राहते, एवढं जमतं. फोनवर नातवाचे व्हिडिओ बघताना पापणी लवायचीच विसरते, हे सुनेने दाखवून दिलं. शिवाय सर्दीची गोळी घेतली की डोळे जास्त सुकतात. डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची पाकिटं नेऊन दाखवली, फायदा झाला.

परळ :
आमच्या काकांना दिवसातून आठ वेळा कृत्रिम अश्रू लागायचे, तरी आग वाढतच होती. बाटलीतल्या प्रिझर्व्हेटिव्हने होत होतं. त्याशिवायचे घेतले. महाग पडतात, पण डोळे शांत झाले.

आणखी एक. त्यांचा हात थरथरतो, थेंब गालावर जायचा आणि त्यांना पडला की नाही तेच कळेना. डॉक्टरांना विचारून बाटली फ्रीजमध्ये ठेवायला लागलो. आता आडवे होतात, खालची पापणी ओढतात, गार लागलं की स्वतःच म्हणतात, "पडला."